एका डिटेक्टिव्ह कादंबरीच्या निमित्ताने



गेल्या सुक्कोथच्या सुट्टीत माझी नात चार दिवस माझ्याकडे राहून गेली आणि जाताना एक इंग्रजी पुस्तक पलंगाजवळ विसरली. फोन केला तर म्हणते, "आजी, राहू दे तुझ्याकडे, तूच वाच. तुला डिटेक्टिव्ह गोष्टी आवडतात ना?" आता हे तिला कोणी सांगितले कोण जाणे! पण खोटे नाही. हिब्रू मी रोज बोलते, तरी हिब्रूत कादंबरी वाचायची म्हणजे अजूनही चढण चढल्यासारखे वाटते. मराठी पुस्तके मुंबईहून कोणी आणली तरच. म्हणून चष्मा पुसला आणि बसले.

पुस्तकाचे नाव 'द वन फ्रॉम द अदर'. लेखक फिलिप कर, स्कॉटलंडचे. २०१८ मध्ये ते वारले. पुस्तक २००६ सालचे आहे, पण गोष्ट १९४९ ची, म्हणजे दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाल्यानंतरच्या जर्मनीतली. बर्नी गुंथर नावाचा एक जर्मन डिटेक्टिव्ह आहे, पूर्वीचा बर्लिनचा पोलीस. त्याच्यावर करसाहेबांनी बरीच पुस्तके लिहिली. माझ्या हाती आले ते मधलेच, पण अडले काही नाही.

डिटेक्टिव्ह गोष्टींची गोडी मला माझगावला लागली. आम्ही सर एली कदूरी शाळेत जात असू आणि माझा मोठा भाऊ वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणी. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू! भूगोलाच्या पुस्तकात घालून मी ती वाचत असे आणि आईचा मार खात असे. अर्नाळकरांच्या गोष्टीत एक बरे असे. कितीही खून पडोत, शेवटच्या पानावर बदमाश हातात सापडणार, त्याला बेड्या पडणार आणि वाचणारा सुखाने झोपणार. १९६० च्या मे महिन्यात आर्जेंटिनात आइकमनला पकडल्याची बातमी आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील पेपर वाचून दाखवत होते. दुसऱ्याच नावाने राहणारा माणूस, बसमधून उतरून घरी निघालेला, अंधारात त्याच्यावर झडप! वडील म्हणाले, "हे अर्नाळकरांनासुद्धा सुचलं नसतं." आम्हां मुलांना ती एक झुंजारकथाच वाटली. त्या माणसाने काय केले होते हे आमच्या चाळीत फारसे कोणाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हा बेने इस्राएलांच्या घरांतूनही त्याविषयी कमीच बोलले जाई. हिंदुस्थानात आपल्याला कोणी यहूदी म्हणून त्रास दिला नाही, त्यामुळे तसे काही असते हे मनाला पटतच नसे.

आता कादंबरीविषयी. बर्नी गुंथर सुरुवातीला एक हॉटेल चालवतो, आणि कुठे? तर डाखाऊ गावात. त्या छळछावणीच्या जवळ! गिऱ्हाईक येत नाही हे वेगळे सांगायला नको. बायको मनाच्या आजाराने म्युनिकच्या इस्पितळात. मग तो पुन्हा आपला जुना धंदा सुरू करतो. एक बाई येते. तिचा नवरा एका छावणीचा प्रमुख होता, तो जिवंत आहे की मेला हे तिला शोधून हवे आहे. तिथून गोष्ट डॉक्टरांपर्यंत, हिवतापाच्या प्रयोगांपर्यंत आणि युरोपातून पळून जाण्याच्या चोरवाटांपर्यंत जाते. पुढचे सांगत नाही, कोणाला वाचायचे असेल तर मजा जाईल.

प्रथम तक्रारी. हा माणूस सिगारेट फार ओढतो, दारू फार पितो आणि दर दोन वाक्यांमागे एक टोमणा मारतो. पंचवीस पानांनंतर मला वाटले, बाबा रे, जरा गप्प बैस. बायकांची वर्णनेही नको तितकी. ती पाने मी चटचट उलटली. (नातीने ती वाचली असणारच, पण तो विषय आम्ही काढला नाही.) दुसरी तक्रार मोठी आहे. बर्नी नाझी पक्षाचा कधीच नव्हता, हिटलरचा त्याला तिटकारा, हे सगळे खरे. पण युद्धात त्याच्या अंगावर एस.एस.चा पोशाख चढला होताच आणि पूर्वेकडे त्याने डोळ्यांनी पाहिले होतेच. लेखक इतक्या खुबीने लिहितो की आपल्याला त्याची कीव येऊ लागते. त्याच्या मागावर आपले लोक लागतात तेव्हा तर मी चक्क "पळ, पळ" म्हणत होते! आणि मग पुस्तक मिटून स्वतःवरच रागावून बसले. मी कोणाला पळ म्हणते आहे?

पण १९४९ ची जर्मनी त्यांनी जी उभी केली आहे ती खरी आहे. मी मागाहून इतर पुस्तकांतूनही थोडे वाचले. प्रत्येकाला आपण निर्दोष असल्याचा दाखला हवा असे. शेजारी, पाद्री, जुना मालक, कोणाकडूनही लिहून आणत. त्या दाखल्यांना लोक 'पेर्सिल'चा दाखला म्हणत. पेर्सिल म्हणजे तिकडची कपडे धुण्याची पावडर! आणि खुद्द आइकमन? त्या वर्षी तो उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यात दुसऱ्या नावाने कोंबड्या पाळत होता. आजूबाजूचे लोक त्याच्याकडून अंडी घेत. १९५० मध्ये तो रेडक्रॉसच्या कागदावर 'रिकार्डो क्लेमेंट' होऊन जेनोवाच्या बंदरातून बोटीत बसला. मेंगेले त्याच्या आदल्याच वर्षी त्याच बंदरातून गेला. रेडक्रॉस! ज्या चिन्हाकडे पाहून आम्ही मुली नर्स व्हायची स्वप्ने पाहिली, त्याचा कागद. रेडक्रॉसवाल्यांना लाखो निर्वासितांना कागद द्यायचे होते, तपासायला वेळ आणि माणसे नव्हती, हे मला समजते. तरी ते पान वाचताना माझा चहा गार झाला.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा लेखनप्रपंच. कादंबरीतल्या डॉक्टरांना हिवतापाची लस शोधायची आहे. त्यासाठी ते माणसांना मुद्दाम हिवताप देतात. लेखकाने हे हवेतून काढलेले नाही. डाखाऊ छावणीत १९४२ पासून क्लाउस शिलिंग नावाचा डॉक्टर हेच करीत होता. साधासुधा डॉक्टर नव्हे. बर्लिनच्या रॉबर्ट कोख संस्थेत उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा विभाग त्याने अनेक वर्षे चालवला होता. त्याने हजारांहून अधिक कैद्यांना डास चाववून किंवा सुईने हिवताप दिला आणि मग त्यांच्यावर औषधे चालवून पाहिली. त्यांत पुष्कळसे पोलंडचे ख्रिस्ती पाद्री होते. युद्धानंतर अमेरिकन कोर्टासमोर उभा राहिला तेव्हाही त्याची विनंती अशी की मला माझे कागद द्या, संशोधनाचा अहवाल पुरा करू द्या. मे १९४६ मध्ये त्याला फाशी दिले. वय ७४. वाचताना लक्षात आले, आज माझेही वय तेच.

हिवताप मला नवा नाही. रेवदंड्याला आजीकडे सुट्टीला गेलो की कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत पडलेले असेच. आजी किराइताचा काढा द्यायची, डॉक्टर क्विनाइन द्यायचे, दोन्ही कडू. नंतर सरकारी माणसे डीडीटी फवारायला येऊ लागली आणि भिंतीवर तारीख लिहून जाऊ लागली. डास हिवताप कसा पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्या हिंदुस्थानातच, सिकंदराबादला, १८९७ मध्ये शोधले हे शाळेत शिकवत. त्यामुळे कादंबरीतला डॉक्टर जेव्हा म्हणतो की लाखो लोकांचे प्राण वाचणार असतील तर काही थोड्यांचे गेले तर काय, तेव्हा मला तो मुद्दा पटकन झटकून टाकता आला नाही. मी ते लाखो पाहिले आहेत. निदान त्यांतले काही, गोधडीतले.

आणि लेखक लबाड आहे, तो अमेरिकनांनाही सोडत नाही. तेही खरेच आहे. १९४४ पासून अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना हिवताप देऊन औषधांच्या चाचण्या चालल्या होत्या. न्युरेंबर्गला डॉक्टरांवर खटला चालला, डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७, तेव्हा आरोपींच्या वकिलांनी नेमके हेच बोट दाखवले. अर्थात स्टेटव्हिलच्या कैद्यांची सही घेतली होती. तुरुंगातल्या माणसाची सही किती स्वतःची हा प्रश्न राहतोच, पण विचारले तरी होते. त्या खटल्यात २३ आरोपी, ७ जणांना फाशी, ७ निर्दोष, बाकीच्यांना कैद. निकालात न्यायाधीशांनी दहा नियम घातले, त्यांतला पहिलाच हा की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वतःच्या मर्जीने दिलेली संमती हवी. नर्सिंग शिकताना हे आम्हाला पाठ करावे लागे. परीक्षेला हमखास प्रश्न. पाठ केलेले आणि कळलेले यांत किती अंतर असते, ते पुढे सांगते.

त्या २३ जणांत एकच बाई होती, हेर्टा ओबरहॉयझर. राव्हेन्सब्रुक छावणीत पोलिश तरुण मुलींच्या पायांना मुद्दाम जखमा करून त्यांत जंतू घालत, त्या कामात ती होती. वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५२ मध्ये बाई सुटली! उत्तर जर्मनीतल्या एका गावात तिने दवाखाना थाटला. मुलांना तपासत होती, इंजेक्शने देत होती. राव्हेन्सब्रुकमधून वाचलेल्या एका बाईने तिला ओळखले, गवगवा झाला, तेव्हा कुठे तिचा परवाना गेला. कादंबरीतल्या कुठल्याही खुनापेक्षा मला हे जास्त भयानक वाटते. त्या गावच्या आया आपली पोरे घेऊन रांगेत बसत असतील.

मी १९६९ मध्ये आईवडिलांबरोबर इथे आले. लोदला घर मिळाले. उल्पान केले, नर्सिंग केले, आणि १९७३ च्या युद्धानंतर लगेच कामाला लागले. इस्पितळाचे नाव लिहीत नाही, कारण चूक माझी आहे, त्यांची नाही. १९७४ चा हिवाळा. वॉर्ड भरलेला, माणसे कमी, रात्रपाळीला तीस पेशंटांमागे मी आणि एक मदतनीस. हंगेरीहून आलेली एक बाई न्यूमोनियाने दाखल झाली होती. हातावर नंबर. असे हात मी तोपर्यंत पुष्कळ पाहिले होते, पहिल्यांदा पाहिला तेव्हा हुंदका आला होता, नंतर सवय झाली. तिला दर सहा तासांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन होते. मी सुई घेऊन गेले की ती विचारी, "मा झे?" हे काय आहे? मी सांगे, पेनिसिलीन. सहा तासांनी पुन्हा, "मा झे?" पुन्हा पेनिसिलीन. तिसऱ्या वेळी मी म्हटले, डॉक्टरांनी सांगितलेले आहे. चौथ्या वेळी, पहाटे चारला, तिने हात मागे घेतला. मी थकलेली, अजून अकरा जणांची औषधे राहिलेली. मदतनिसाला हाक मारली आणि म्हटले, धर हिला.

ती ओरडली नाही. तिने अंग एकदम सैल सोडले आणि तोंड भिंतीकडे केले. इंजेक्शन अगदी सोपे गेले. मला वाटले, चला, समजली एकदाची.

सकाळी आमची मोठी सिस्टर आली, रुमानियाची, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिला कोणी सांगितले ते मला माहीत नाही. ती मला रागावली असती तर बरे झाले असते. फक्त म्हणाली, "तिने अंग सोडून दिलं ते तुझं काम सोपं व्हावं म्हणून नाही." मग मला बरोबर घेऊन गेली. ट्रेमध्ये सुई भरून नेली नाही. बंद बाटली नेली. बाईच्या हातात दिली. बाईने ती दिव्याकडे धरून नाव वाचले, हळूहळू, एकेक अक्षर. मग पाण्याची बाटली दिली, तीही वाचली. मग तिच्यासमोर पाणी भरले, पावडरीत सोडले, हलवले, सुईत ओढले आणि विचारले, "देऊ?" बाईने मान हलवली आणि स्वतःच बाही वर केली. या सगळ्याला फार तर दोन मिनिटे जास्त लागली. रिकामी बाटली बाईने मागून घेतली.

घरी जायच्या दिवशी तिचे कपाट रिकामे करताना रुमालात गुंडाळलेल्या सगळ्या बाटल्या निघाल्या. मी मोजल्या नाहीत. मला वाटले, मोजल्या तर पहिल्या चार कमी भरतील. त्या वेळच्या बाटल्या मी तिला दाखवल्याच नव्हत्या.

त्या बाईवर कधी काही प्रयोग झाला होता की नाही हे मला ठाऊक नाही, मी विचारले नाही. मोठ्या सिस्टरचे युद्धात काय झाले तेही तिने सांगितले नाही. त्या काळी इथे कोणी विचारत नसे. आम्ही विचारायला गेलो तर वॉर्डातल्या कोणी ना कोणी म्हणे, "तुला काय कळणार, तू हिंदुस्थानातून आलेली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे मीच आधी म्हणू लागले, मला काय कळणार, मी तिथे नव्हते. सोपे पडे.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला या कादंबरीमुळे आठवली. आमच्या लोदला लागूनच रामले. तिथल्या तुरुंगात आइकमनला ठेवले होते आणि १९६२ मध्ये मे महिन्याच्या शेवटच्या रात्री तिथेच त्याला फाशी दिले. बसने मी त्या भिंतीवरून किती वेळा गेले असेन. त्याच्यावर पहारा करणाऱ्यांत शालोम नगार नावाचे येमेनहून आलेले शिपाई होते. त्यांनीच शेवटी तो खटका ओढला. त्यांची इच्छा नव्हती, त्यांना हुकूम झाला. त्यांनी मुलाखतींत सांगितले होते की युरोपातून आलेल्या शिपायांना आइकमनच्या जवळ येऊ देत नसत. न जाणो, कोणी सूड घ्यायचा. म्हणून आतल्या पहाऱ्याला मुद्दाम आमच्यासारखे, तिथे नसलेले. आइकमनचे जेवण आधी नगार यांनी चाखायचे, विष नाही ना म्हणून, आणि मग त्याला द्यायचे. त्याला फाशीपर्यंत धडधाकट ठेवायचे होते. पुढे कितीतरी दिवस त्यांना झोपेत तो दिसत असे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते वारले. बातमी वाचली तेव्हा मी खुर्चीत नीट बसले. म्हणजे "तुम्ही तिथे नव्हता" हे कधी कमीपणाचे होते, आणि कधी त्याच कारणाने किल्ली आमच्या हाती दिली जात होती.

हिवतापाच्या लशीचेही सांगून टाकते, नाहीतर कादंबरीतल्या डॉक्टरचे म्हणणे तसेच राहील. लस अखेर निघाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या लशीला मान्यता दिली, २०२३ मध्ये दुसरीला. ही दुसरी ऑक्सफर्डने शोधली आणि बनवते आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. आफ्रिकेत चाचण्या झाल्या त्या आईबापांना सांगून, त्यांचा अंगठा किंवा सही घेऊन. आजही स्वतःहून पुढे आलेले लोक प्रयोगशाळेत हात पुढे करून डास चाववून घेतात आणि त्याआधी लांबलचक कागद वाचतात. उशीर झाला का? झाला. अजूनही वर्षाला सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने जातात, त्यांत बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. शिलिंगच्या हजारांवर कैद्यांनी त्यांतले एकही मूल वाचले नाही.

पुस्तक मी नातीला परत दिले. तिने विचारले, "आवडलं?" मी म्हटले, पुढचा भाग असेल तर आण, पण सिगारेटी कमी असलेला. ती हसली. पेनिसिलीनची गोष्ट मी तिला सांगितली, आईलासुद्धा सांगितली नव्हती. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पण आजी, नंतर तू बदललीस ना?" नातवंडांना शेवट अर्नाळकरांसारखा हवा असतो. मी काही बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. आदल्या संध्याकाळी एक तरुण नर्स कागद घेऊन आली. चांगली मुलगी, केस विस्कटलेले, बहुधा सकाळपासून उभी. पाने भराभर उलटत म्हणाली, "इथे सही, इथे सही आणि इथे." मी म्हटले, "आधी माझा चष्मा दे." तिने घड्याळाकडे पाहिले. मला तिचे अकरा पेशंट दिसत होते. तरी चष्मा घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ती बाजूच्या खुर्चीवर टेकली. तेवढीच तिलाही विश्रांती.